ग्रासहॉपरमधले १,२६० पॅनल रेव्हिटमध्ये: सॅट आयातीत सगळ्याचा एकच गोळा, ३७ पॅनल गायब, आणि पुन्हा चालवले की दुप्पट

बाणेर_फसाड

बाणेरमधल्या एका ऑफिस इमारतीच्या पश्चिम बाजूला ३ मिमी छिद्रित अ‍ॅल्युमिनियम पत्र्याची लाटदार स्क्रीन आहे. रुंदी ५०.४ मीटर, उंची ३६ मीटर, ४२ गाळे आणि ३० ओळी, म्हणजे १,२६० पॅनल. मॉड्यूल १२०० × १२०० मिमी, सांधा १२ मिमी. वरची कड सरळ नाही; कॅडमधून आलेल्या पॉलीलाइनने छाटली आहे. डेफिनिशन (आकार घडवणारी आज्ञावली) ग्रासहॉपरमध्ये, म्हणजे राइनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या दृश्य-प्रोग्रामिंग साधनात, पूर्ण आहे. राइनो ८ आणि रेव्हिट २०२४ (इमारतीचे मॉडेल व नकाशे करणारे सॉफ्टवेअर) वापरतो.

रेव्हिटमध्ये हवे ते असे: प्रत्येक पॅनलचा क्रमांक, रुंदी, उंची, क्षेत्रफळ शेड्यूलमध्ये, एलिव्हेशनवर टॅग, प्रत्येक स्लॅबशी सेक्शन. स्ट्रक्चरल सल्लागारांकडे रेव्हिट आहे, राइनो नाही. लाटेचा आकार अजून बदलत राहणार.

आतापर्यंत दोन मार्ग वापरले. पहिला, सॅट फाइल (घन आकार नेणारी) करून इन-प्लेस मासमध्ये (प्रोजेक्टमध्येच बनवलेल्या ढोबळ घनात) आयात. सगळी स्क्रीन एकच गोळा झाली, टॅग लागत नाही, आणि ३७ पॅनल आलेच नाहीत. गायब झालेले सगळे वरच्या ओळीतले आहेत. दुसरा, राइनो इनसाइड रेव्हिटमधून (रेव्हिटच्या आत राइनो चालवणारा जोड) डायरेक्टशेप. ते आले, पण दुसऱ्या दिवशी चालवल्यावर मॉडेलमध्ये २,५२० झाले. शिवाय मोजणीची फाइल यूटीएममध्ये (नकाशाची जागतिक निर्देशांक पद्धत) असल्यामुळे रेषा थरथरतात आणि सेक्शनमध्ये कडा तुटक दिसतात.

---

रेव्हिट_सिंहगडरोड

आधी ३७ पॅनलचे बघू, कारण त्याचे कारण तुमच्या प्रश्नातच आहे. रेव्हिटला फार छोटी कड चालत नाही. त्याची मर्यादा आतल्या एककात सुमारे ०.००२५६ फूट आहे, म्हणजे ०.७८ मिमी. त्याहून छोटी कड असलेला घन तो घेतच नाही, आणि सॅट आयातीत हे तो सांगतही नाही. वरची पॉलीलाइन कॅडमध्ये पॅनलच्या कोपऱ्यांना धरून काढली असेल आणि आकडे पूर्ण मिलिमीटरला गोल केले असतील, तर तिचा शिरोबिंदू खऱ्या कोपऱ्यापासून ०.२ ते ०.५ मिमी सरकलेला असतो. छाटणी झाली की कोपऱ्याशी तेवढ्याच लांबीची एक जास्तीची कड उरते. डोळ्यांना पॅनल चौकोनी दिसते, प्रत्यक्षात पाच बाजू असतात. ज्या चार-पाच पॅनलवर गोल केलेला आकडा नेमका जुळला तेवढी वाचली.

खात्री करायला डीकन्स्ट्रक्ट ब्रेप (घनाचे पृष्ठभाग व कडा सुट्या करणारा घटक) लावा, कडांची लांबी काढा आणि १ मिमीपेक्षा लहान किती आहेत ते मोजा. ३७ किंवा त्याच्या जवळपास आकडा आला की निदान पक्के. उपाय म्हणून त्या छोट्या कडा गाळत बसू नका. कॅडची पॉलीलाइन फक्त मार्गदर्शक म्हणून ठेवा, तिचे शिरोबिंदू ग्रासहॉपरमध्ये जवळच्या पॅनल-कोपऱ्यावर ओढून घ्या आणि रेषा नव्याने बांधा. याचा दुसरा फायदा मोठा आहे: वरच्या ओळीतले पॅनलही चार कोपऱ्यांचेच राहते, म्हणजे पुढे त्यासाठी वेगळी फॅमिली (रेव्हिटमधला पुन्हा वापरायचा साचा) लागत नाही.

आता मुख्य प्रश्न. भूमिती रेव्हिटमध्ये कशी न्यायची यापेक्षा रेव्हिटमध्ये ती कोणती वस्तू म्हणून जन्माला यायला हवी, हे आधी ठरवा. डायरेक्टशेप ही तयार मूर्ती असते. तिला कॅटेगरी मिळते, शेड्यूलमध्ये येते, टॅगही लागतो. पण रेव्हिटमध्ये तिचा आकार बदलता येत नाही. तिच्या कडेवर दिलेली मापे डेफिनिशन पुन्हा चालवल्यावर गळून पडतात. ब्रेप रूपांतर फसले तर ती मेश (त्रिकोणी जाळी) म्हणून येते आणि एलिव्हेशनवर त्रिकोणांच्या रेषा दिसतात. तुमच्या १,२६० सारख्या पॅनलना ती योग्य नाही. कोपऱ्यावरचे एखादे वळलेले कॅपिंग, जे एकदाच येते आणि पुन्हा मोजायचे नाही, त्याला ती चालेल.

पॅनलसाठी बिंदूंनुसार आकार घेणारी, चार बिंदूंची अ‍ॅडॅप्टिव्ह फॅमिली करा. म्हणजे राइनोमधून रेव्हिटकडे घन जातच नाहीत, फक्त ५,०४० बिंदू जातात. घन रेव्हिट स्वतः बांधतो, त्यामुळे टॉलरन्सचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

फॅमिलीसाठी मेट्रिक जेनेरिक मॉडेल अ‍ॅडॅप्टिव्ह हा टेम्प्लेट घ्या. चार रेफरन्स पॉइंट ठेवून मेक अ‍ॅडॅप्टिव्ह करा. बाहेरून पाहताना खालचा डावा १, खालचा उजवा २, वरचा उजवा ३, वरचा डावा ४. थ्रीडी स्नॅपिंग चालू ठेवून चार रेफरन्स लाइनचा बंद चौकोन करा, क्रिएट फॉर्म करा, जाडीला पॅरामीटर द्या. बिंदू हाताने हलवून बघा. फॅमिली इथे तुटत असेल तर प्रोजेक्टमध्ये नक्की तुटणार. क्रमांक, रुंदी, उंची, क्षेत्रफळ यांना शेअर्ड पॅरामीटर, इन्स्टन्स स्वरूपात (प्रत्येक पॅनलला स्वतःचा आकडा). साधे प्रोजेक्ट पॅरामीटर शेड्यूलमध्ये येतात पण टॅगमध्ये घेता येत नाहीत, म्हणून शेअर्डच.

ग्रासहॉपरच्या बाजूने ट्रीला (याद्यांच्या रचनेला) १,२६० फांद्या आणि प्रत्येक फांदीत चार बिंदू, वरच्याच क्रमाने. हे अ‍ॅडॅप्टिव्ह कॉम्पोनंट ठेवणाऱ्या घटकाला जोडा आणि टाइप द्या. बिंदूंचा क्रम सरफेसच्या यू-व्ही दिशेवरून (पृष्ठभागावरच्या आडव्या-उभ्या दिशा) ठरवा, एक्स-वाय-झेडवरून सॉर्ट करून नको. लाट जिथे आत वळते तिथे एक्सवर लावलेला क्रम उलटतो आणि पॅनलची जाडी आतल्या बाजूला जाते. एलिव्हेशनवर हे कळत नाही, सेक्शन काढल्यावर कळते.

एलिमेंट पॅरामीटर या घटकाने आकडे लिहिताना एक चूक हमखास होते. रेव्हिटमधला पॅरामीटर लेंग्थ किंवा एरिया प्रकारचा असेल तर रूपांतर राइनोच्या एककावरून आपोआप होते. राइनो मिमीमध्ये असेल तर क्षेत्रफळ चौरस मिमीमध्येच द्या. आधी दहा लाखांनी भागून चौरस मीटर केले तर शेड्यूलमध्ये शून्य दिसेल. पॅरामीटर नंबर प्रकारचा असेल तर मात्र आकडा जसाच्या तसा जातो.

आणि छिद्रे रेव्हिटमध्ये आणू नका, ही कळकळीची विनंती. एका पॅनलला ४०० छिद्रे धरली तरी ५,०४,००० छिद्रे होतात. रेव्हिटमध्ये मटेरियलला सरफेस पॅटर्न द्या. छिद्रांची खरी भूमिती ग्रासहॉपरमधून थेट डीएक्सएफ (कटिंगची रेखाफाइल) होऊन लेझर कटिंगकडे जाऊ दे; दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे पॅनल क्रमांक.

---

मोजणी_हडपसर

रेषा थरथरण्याबद्दल. पुणे यूटीएमच्या ४३ उत्तर झोनमध्ये येते. बाणेरच्या आसपास पूर्वांक सुमारे ३,७१,००० मीटर आणि उत्तरांक सुमारे २०,५२,००० मीटर असे आकडे येतात. रेव्हिटची भूमिती आतल्या मूळ बिंदूपासून साधारण १६ किमीच्या त्रिज्येतच भरवशाची असते. तुम्ही दोन हजार किमीवर आहात. राइनोलाही एवढ्या लांबचे डिस्प्ले मेश नीट दाखवता येत नाहीत, म्हणजे दोष दोन्हीकडे आहे.

राइनो इनसाइडमध्ये राइनोचा शून्य बिंदू रेव्हिटच्या इंटर्नल ओरिजिनवर बसतो. प्रोजेक्ट बेस पॉइंटवर नाही, सर्व्हे पॉइंटवरही नाही. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. म्हणून इमारतीच्या ग्रिडचा एक छेद, समजा अ आणि १, इंटर्नल ओरिजिनवर ठेवा आणि राइनोतही तोच छेद शून्यावर. मोजणीची कॅड फाइल रेव्हिटमध्ये सेंटर टू सेंटर लिंक करा, प्लॉटची हद्द इमारतीशी जुळेपर्यंत सरकवा व फिरवा, मग अ‍ॅक्वायर कोऑर्डिनेट्स. आता यूटीएमचे आकडे शेअर्ड कोऑर्डिनेट्समध्ये राहतात आणि भूमिती शून्याजवळ. उंचीचेही तसेच: समुद्रसपाटीपासूनचे ५६० मीटर सर्व्हे पॉइंटमध्ये राहू दे, तळमजला शून्यावर.

फिरवताना ध्यानात ठेवा की यूटीएमची ग्रिड उत्तर आणि खरी उत्तर बाणेरमध्ये सुमारे ०.३९ अंशांनी वेगळ्या आहेत. पश्चिमेच्या उन्हाचा अभ्यास करायला एवढा फरक नगण्य आहे, पण हद्द जुळवताना कोणती उत्तर धरली ते लिहून ठेवा.

अजून एक गोष्ट, जी फसाडमध्ये (इमारतीच्या दर्शनी बाजूत) खरोखर नडते. मोजणी जीएनएसएसवरून (उपग्रहांवरून) थेट यूटीएम ग्रिडमध्ये दिली असेल तर नकाशावरचे अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा कमी असते. इथला प्रक्षेपणाचा गुणक सुमारे ०.९९९८०, त्यात ५६० मीटर उंचीचा परिणाम मिळवला की १०० मीटरमागे जवळपास ३० मिमी. तुमच्या ५०.४ मीटरला हा फरक १५ मिमी, म्हणजे एका सांध्यापेक्षा जास्त. म्हणून यूटीएमची कॅड फाइल फक्त इमारत प्लॉटवर बसवायला वापरा. स्क्रीनची लांबी तिच्यावरून घेऊ नका. ती स्ट्रक्चरल ग्रिडवरून आणि स्लॅब झाल्यावर टोटल स्टेशनच्या प्रत्यक्ष मापावरून.

---

बाणेर_फसाड

१ मिमीपेक्षा छोट्या कडा मोजल्या. ३७ च आल्या, प्रत्येक पॅनलला एक. पॉलीलाइनचे शिरोबिंदू कोपऱ्यावर ओढल्यावर शून्य. मूळ बिंदूही हलवला, थरथर गेली.

अ‍ॅडॅप्टिव्ह फॅमिली बसवली. १,२६० पैकी १,१४८ नीट आली, ११२ पॅनलवर फॉर्म करता येत नाही अशी चूक येते. ही सगळी लाटेच्या सर्वात तीव्र वळणाजवळ आहेत. आणि दुप्पट होण्याचे कारण अजून कळले नाही.

---

रेव्हिट_सिंहगडरोड

११२ पॅनल सपाट नाहीत. चार रेफरन्स लाइनच्या बंद चौकोनातून घन काढायचा तर चारही बिंदू एका प्रतलात लागतात. प्रत्येक फांदीवर प्लेन फिट लावा. त्याच्या दुसऱ्या आउटपुटमध्ये प्रतलापासूनचे विचलन मिळते. ते रंगात दाखवा म्हणजे पीळ कुठे आणि किती ते दिसेल.

पुढे दोन वाटा. कांगारूमध्ये (ग्रासहॉपरमधले आकार जुळवणारे साधन) को-प्लॅनर गोल (एका प्रतलात आणण्याचे लक्ष्य) लावून चारही कोपरे सपाट करून घ्या, सोबत मूळ सरफेसजवळ राहण्याचा गोल कमी ताकदीने. सपाट केल्यावर शेजारच्या पॅनलशी सांधा बदलतो. तो १२ मिमीवरून किती सरकला हे प्रत्येक कडेवर मोजा, नाहीतर एक प्रश्न सोडवून दुसरा तयार होईल. दुसरी वाट: पीळ तसाच ठेवायचा असेल तर वेगळी फॅमिली करा, ज्यात फक्त १–४ आणि २–३ या दोन उभ्या रेषा निवडून फॉर्म केला की त्यांच्यामध्ये पिळलेला पृष्ठभाग मिळतो. त्याला जाडी नसते, पण १:१०० च्या एलिव्हेशनला ३ मिमी दिसतही नाहीत. सेक्शनच्या तपशिलात जाडी डीटेल लाइनने दाखवा. कोणते पॅनल कोणत्या फॅमिलीत जाईल ते विचलनाच्या आकड्यावरून डेफिनिशनमध्येच ठरू दे. तो आकडा किती असावा हे फॅब्रिकेटर सांगेल, सॉफ्टवेअर नाही.

दुप्पट होण्याचे उत्तर एलिमेंट ट्रॅकिंगमध्ये आहे. रेव्हिटमध्ये काहीतरी घालणाऱ्या प्रत्येक ग्रासहॉपर घटकाच्या मध्यावर उजवी क्लिक करा, ट्रॅकिंग मोड दिसेल. डिसेबल्ड असेल तर दर वेळी नवे पॅनल तयार होतात आणि जुने तिथेच राहतात. एनेबल्ड रिप्लेसमध्ये जुने काढून नवे येतात. एनेबल्ड अपडेटमध्ये शक्य तिथे तेच पॅनल बदलते, त्याचा एलिमेंट आयडी टिकतो, म्हणून टॅगही टिकतात. तुम्हाला अपडेटच हवे. मोड बरोबर असूनही दुप्पट झाले असतील तर कोणीतरी कॅनव्हासवरचा जुना घटक काढून नवा टाकला असणार. ट्रॅकिंगची ओळख त्या घटकाशी बांधलेली असते. नवा घटक जुन्या पॅनलना ओळखत नाही. म्हणून तो घटक एका गटात ठेवा, त्यावर हात लावू नये अशी सूचना लिहा, आणि बदल फक्त त्याच्या आधीच्या भागात करा. आताचे अनाथ पॅनल एकदा शेड्यूलवरून निवडून काढून टाका.

घटकाच्या आधी डेटा डॅम लावा. लाटेचा स्लायडर हलवला की प्रत्येक पायरीला रेव्हिट १,२६० पॅनल पुन्हा बांधायला लागतो. डॅम लावल्यावर तुम्ही बटण दाबाल तेव्हाच पाठवणी होते.

क्रमांक लिस्ट इंडेक्सवरून देऊ नका. मधले एक पॅनल खिडकीसाठी काढले की पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात आणि कापून झालेल्या पत्र्यावरचा क्रमांक भलत्याच जागेचा होतो. ओळ आणि गाळा यांवरून द्या, उदाहरणार्थ ०७-२३; पॅनल काढले तर तो क्रमांक रिकामा राहील, बाकीचे जागेवर. तसेच पॅनल काढताना फांदीच काढू नका, रिकामी फांदी ठेवा. अपडेट मोडमध्ये जोडी क्रमाने लागते, त्यामुळे मधली फांदी गेली तर पुढच्या प्रत्येक पॅनलचा टॅग शेजाऱ्याकडे जातो.

---

भोसरी_पत्राकाम

पत्र्याच्या बाजूने दोन आकडे, कारण हे शेड्यूल शेवटी आमच्याकडेच येते.

सपाट भागात पॅनलचा दर्शनी भाग १२०० वजा १२, म्हणजे ११८८. दोन्ही बाजूंना २५ मिमी मुडप (दुमडलेली कड) धरली की १२३८. १२५० रुंदीच्या पत्र्यात बसते. पण गाळे प्लॅनमध्ये सरळ रेषेवर १२०० ने पाडून मग लाटेवर टाकले असतील तर लाट १२ अंशांनी तिरकी आहे तिथे मॉड्यूल १२२७ होते, दर्शनी भाग १२१५, मुडपीसह १२६५. बेंड डिडक्शन (वाकवताना वाढणारी लांबी) वजा केले तरी १२५० च्या वरच. तेवढ्या पॅनलना १५०० चा पत्रा लागतो आणि उरलेली पट्टी भंगारात जाते. गाळे लाटेच्या प्रत्यक्ष लांबीवर समान पाडा, म्हणजे जास्तीची लांबी ४२ गाळ्यांत वाटली जाईल. तुमच्या वळणात ते १२५० मध्ये बसते का हे शेड्यूलमध्ये एक कॉलम वाढवून लगेच दिसेल: उलगडलेली रुंदी.

पिळाबद्दल: छिद्रित ३ मिमी पत्रा थोडा पीळ घेतो, पण चारही बाजूंना मुडप केली की तो पेटीसारखा ताठ होतो आणि जबरदस्तीने बसवला तर कोपऱ्यावर फुगतो. हा आकडा कागदावर ठरवू नका. मुडप केलेले एक पूर्ण मापाचे नमुना पॅनल ब्रॅकेटवर बसवून बघा, मग प्लेन फिटची मर्यादा टाका. आणि खालच्या मुडपीला पाणी निघायला भोके हवीत. पावसाळ्यात तिथेच पाणी साचते. ती डीएक्सएफमध्ये असू देत.

---

आयएफसी_कोथरूड

स्ट्रक्चरल सल्लागारांबद्दल कोणी बोलले नाही. स्क्रीन मुख्य मॉडेलमध्ये ठेवू नका. वेगळी आरव्हीटी (रेव्हिटची) फाइल करा, लेव्हल आणि ग्रिड मुख्य मॉडेलमधून कॉपी-मॉनिटरने (नक्कल करून बदलांवर लक्ष ठेवणारी सोय) आणा, ग्रासहॉपरने ग्रिड तिथूनच वाचावा, आणि ती फाइल ओरिजिन टू ओरिजिन लिंक करा. मुख्य मॉडेल सेंट्रल (अनेकांनी एकत्र वापरायचे) असेल तर हे आवश्यकच आहे: दुसऱ्याने एखादे पॅनल ताब्यात घेतले असेल तर तुमची पाठवणी तिथे अडते. सल्लागारांना राइनो लागत नाही. अ‍ॅडॅप्टिव्ह फॅमिली ही पूर्णपणे रेव्हिटचीच वस्तू आहे.

सल्लागार रेव्हिटऐवजी दुसरे काही वापरत असतील तर आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारे खुले फाइल-स्वरूप). तिथे फॅमिलीला एक्सपोर्ट टू आयएफसी अ‍ॅज मध्ये आयएफसी प्लेट द्या, नाहीतर जेनेरिक मॉडेल प्रॉक्सी म्हणून जाते आणि समोरच्याला ते पॅनल आहे की कठडा हे कळत नाही. २x३ आवृत्तीत नर्ब्ज (गुळगुळीत वक्र) पृष्ठभाग जात नाहीत, ते त्रिकोणांत मोडतात. आयएफसी ४ मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ब्रेप आहे, पण रेफरन्स व्ह्यू निवडला तर तिथेही त्रिकोणच. सपाट पॅनलला याने फरक पडत नाही, पिळलेल्यांना पडतो. फक्त बघण्यासाठी आणि आवृत्त्यांची तुलना करण्यासाठी स्पेकल (ऑनलाइन मॉडेल पाहण्याचे व्यासपीठ) सोपे आहे.

---

बाणेर_फसाड

ट्रॅकिंगबद्दल बरोबर होते, जुना घटक कॉपी करून नवा टाकला गेला होता. एक शेवटचे: रुंदी आणि क्षेत्रफळ ग्रासहॉपरमधून लिहायचे की फॅमिलीत रिपोर्टिंग पॅरामीटरने मोजायचे?

---

रेव्हिट_सिंहगडरोड

दोन्ही ठेवा. ग्रासहॉपरने लिहिलेला आकडा मेलेला असतो: कोणी रेव्हिटमध्ये पॅनलचा बिंदू हाताने ओढला तरी तो बदलत नाही. रिपोर्टिंग पॅरामीटर खालच्या दोन बिंदूंमधले अंतर जिवंत मोजतो. शेड्यूलमध्ये दोन्ही रुंदी शेजारी ठेवा, फरकाचा कॅल्क्युलेटेड कॉलम करा आणि ०.५ मिमीच्या वर गेल्यास लाल होईल असे कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. कापायला पाठवण्याआधी तो कॉलम पूर्ण पांढरा हवा. पॅनल पिन करून ठेवले तर तो लाल होण्याची वेळ क्वचितच येते.